एका ओळीचं मानपत्र

आमदारांच्या सत्काराचं मानपत्र लिहायचं काम कालिंदीबाईंच्या गळ्यात पडलं, कारण गिरगावातल्या त्या जुन्या इमारतीत मराठीच्या निवृत्त शिक्षिका त्या एकट्याच. सेक्रेटरी सौमित्र म्हणाले, "बाई, जरा हात सैल सोडून लिहा. इलेक्शन तोंडावर आहे. साहेब खूश झाले तर आपल्या लिफ्टचं काम होऊन जाईल."

लिफ्ट म्हटल्यावर बाईंनी होकार दिला. त्यांचे यजमान रघुवीर ब्याऐंशी वर्षांचे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दोन वर्षं ते चौथ्या मजल्यावरून खाली उतरले नव्हते. एकदा चौपाटीवर जायचंय, एवढंच ते म्हणत.

लिफ्टचं वचन आमदारांनी दहा वर्षांपूर्वी दिलं होतं, पाच वर्षांपूर्वी पुन्हा दिलं. आली मात्र आवारात सहा बाकडी, ज्येष्ठ नागरिकांसाठी, प्रत्येकाच्या पाठीवर आमदारांचं ठळक नाव. ज्येष्ठ नागरिक वर अडकलेले आणि बाकड्यांवर मांजरं झोपलेली. गरिबाला योजना, श्रीमंताला टॉवर आणि पेन्शनीत कसंबसं भागवणाऱ्याला बाकडं, असा या माणसाचा न्याय. बाईंना त्याची चीड यायची, आणि त्याच्याच पाया पडावं लागतं याची त्याहून जास्त.

तीन दिवस त्या कागद घेऊन बसल्या. 'कार्यसम्राट' लिहिलं आणि खोडलं. जन्मभर मुलांना खोटं लिहू नका म्हणून दटावलं होतं, आता हात वळेना. शेवटी एकच ओळ सापडली. ती वळणदार अक्षरात लिहून त्यांनी कागदाची गुंडाळी नवऱ्याच्या हाती दिली.

सत्काराच्या संध्याकाळी आवारात शाल झाली, श्रीफळ झालं. सौमित्रनी मानपत्र मागितलं.

"वर आहे," बाई माइकवर म्हणाल्या. "मानपत्र वयाने सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातून द्यायचं, हा आपल्याकडचा रिवाज. त्यांना उतरवत नाही. साहेबच वर येतील."

टाळ्या पडल्या, त्यामुळे नाही म्हणायची सोय उरली नाही. आमदार हात जोडत जिन्याकडे निघाले. मागे एक कार्यकर्ता, त्याच्यामागे बाई. पहिल्या मजल्यावर साहेबांचं हसू मावळलं. दुसऱ्यावर त्यांनी कठडा धरला, वर पाहिलं आणि मग घड्याळाकडे.

"ताई, पुढे दादरला प्रोग्राम आहे. हा घेऊन येईल वरून."

"आणि लिफ्टचं?"

"बघतो ना," म्हणत ते उतरूही लागले.

वर रघुवीर कोट घालून, केस विंचरून दारात खुर्ची टाकून बसले होते. "आले का?"

"दुसऱ्यापर्यंत," बाई म्हणाल्या.

रघुवीरांनी गुंडाळी उलगडून पुन्हा वाचली. 'आमदारसाहेब चार मजले चढून आमच्या दारी आले, याबद्दल आम्ही रहिवासी त्यांचे ऋणी आहोत.'

कार्यकर्ता धापा टाकत उंबऱ्याशी उभा होता. बाईंनी पेन घेतलं, तीही ओळ खोडली आणि कागद त्याच्या हातात दिला.