दाराशी मागं वळणारा

मित्रांनो, मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. घरात मात्र मला सगळे ‘रिमोट’च म्हणतात. चिंचवडच्या एका दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीखालच्या फळीवर माझा मुक्काम. माणसं तोंडानं काहीही बोलोत, त्यांचे अंगठे माझ्यापासून काही लपवत नाहीत. भित्रा कोण, उतावळा कोण, हरल्यावर बटणाला दोष देणारा कोण, सगळं मला पाठ आहे.

प्रितमचा अंगठा मात्र निराळा. तो किल्ल्यांचा एक खेळ खेळायचा, तीन भागांचा. नाव इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून घरात त्याला ‘किल्लेवाला’ म्हणत. कोणताही दरवाजा आला की प्रितम माझी डाव्या अंगठ्याखालची कांडी खाली ओढून खेळातल्या वीराला मागं वळवायचा आणि शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला विचारायचा, “अमू, येतेस ना?” आम्रपालीनं मान हलवली की मगच दार उघडायचं.

त्यांचे वडील धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत माल तपासायचे. त्यांच्या नजरेतून वाकडा बोल्ट सुटत नसे, तर पोरगा कसा सुटेल? “सारखा वळतोस काय? मागं काय राहिलंय रे तुझं?” असं ते चिडवायचे.

असे दोन भाग संपले. त्या वळण्यानं माझी कांडी झिजली, हात न लावताही खाली घसरू लागली. आणि तिसरा भाग यायच्या आधीच प्रितम डेंग्यूच्या तापात गेला.

दोन वर्षं मला कोणी उचललं नाही. कोणी टाकूनही दिलं नाही. आम्रपाली फळी पुसायची, पण माझ्यापाशी आली की फडकं थांबायचं.

मग एका रविवारी दुपारी प्रितमचा मित्र संघर्ष तिसरा भाग घेऊन आला. “शेवटचा आहे अमू. पण सांगून ठेवतो, लोक जाम शिव्या घालतायत.”

शिव्या खोट्या नव्हत्या. घोडे हवेत लटकत होते. ओठ मिटल्यावर आवाज येत होता. पण करणाऱ्यांनी झेप मोठी घेतली होती. आधीच्या दोन भागांत तुम्ही कसे खेळलात, याची नोंद खेळाच्या यंत्रात राहिलेली असते. ती वाचून त्यांनी प्रत्येक घरासाठी वीराबरोबर चालणारा वेगळा सोबती घडवला होता.

आमचा सोबती पहिल्या दरवाजाशी पोचला. थांबला. मागं वळला.

आम्रपालीचा अंगठा माझ्यावर गार पडला.

“पप्पा, इकडं या.”

धम्मरत्न चष्मा लावून समोर बसले. दुसऱ्या दरवाजाशी सोबती वळला. तिसऱ्याशीही. चौथ्याशी तो भिंतीत घुसला आणि जागच्या जागी पाय उचलत राहिला.

“हे आता सुधारलंय राव,” संघर्ष घाईनं म्हणाला. “अपडेट टाकलं की नाही अडकणार. फक्त... जुन्या नोंदी पुसल्या जातात.”

पडद्यावर ‘हो’ आणि ‘नाही’ उभे होते. माझी लबाड कांडी आपणहून खाली, ‘नाही’कडं घसरत होती. आम्रपालीनं वडिलांकडं पाहिलं. जन्मभर खोट काढलेला माणूस; काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं.

“आमच्याकडं डेव्हिएशन असतं,” धम्मरत्न सावकाश म्हणाले. “मापात न बसणारा, पण कामाचा माल. त्याची खोट झाकायची नाही. लिहायची, सही करायची आणि माल घ्यायचा.”

“तुम्ही कधी केलीत अशी सही, काका?”

“कधीच नाही.”

त्यांनी कागद मागितला. अजूनही तो यंत्रावर चिकटवलेला आहे: ‘घोडे हवेत. आवाज उशिरा. सोबती भिंतीत अडकतो. स्वीकारले.’ खाली सही.

आम्रपालीनं ‘नाही’ दाबलं. सोबत्याला भिंतीतून काढायला अर्धा तास लागला. कोणी कुरकुरलं नाही.

मित्रांनो, वस्तू बिघडली की जरूर दुरुस्त करा. पण त्याआधी तिच्या खोटीत कोणाचा हात उरलाय, तेवढं बघा. संघर्ष माझी कांडी बदलून देणार होता. आम्रपाली म्हणाली, “राहू दे.”

शेवटचा दरवाजा तिनं अजून उघडलेला नाही. रविवारी ती खेळ लावते, मला पाटावर ठेवते आणि हात काढून घेते. सोबती दाराशी थांबून मागं बघतो. माझी कांडी घसरते आणि आमचा वीरही मागं वळतो.

धम्मरत्न आता चिडवत नाहीत. तेही वळून, मागच्या, प्रितमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघतात.