चौतीस युनिट

प्रज्ञाच्या पोटावर बेंबीच्या डाव्या बाजूला एक गाठ होती, लिंबाएवढी, मऊ. तिथं सुई टोचली तरी तिला कळायचं नाही. म्हणूनच तिची आई, द्रौपदाबाई, आठ वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तिथंच इन्शुलिन टोचत आली होती. प्रज्ञा आता एकोणीस वर्षांची होती, यावलच्या कॉलेजात शिकत होती, पण सुई आईच्याच हातची लागायची. ती भिंतीकडं तोंड करून बसायची आणि आई म्हणायची, "झालं वं माय."

एप्रिलात दोघी जळगावला तपासणीला गेल्या. तिथल्या कोकिळा सिस्टरनं गाठ चाचपली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"एकाच जागी टोचता?"

"तिथं दुखत नाही तिले," द्रौपदाबाई म्हणाली.

"त्यानंच ही गाठ झालीय, आणि म्हणूनच हिची शुगर आटोक्यात येत नाही. या गाठीतून औषध अंगात नीट जातच नाही. आता मांडीवर टोचा, रोज जागा बदला. आणि हे नीट ऐका. नव्या जागेतून सगळं औषध अंगात जाईल, म्हणून डॉक्टरांनी सकाळचा डोस चौतीसवरून चोवीस केलाय. चोवीसच." तिनं कागदावर आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला.

बसमध्ये प्रज्ञाला झोप लागली. द्रौपदाबाई तो कागद बघत राहिली. दहा युनिट कमी. प्रज्ञा बारा वर्षांची असताना तिला ताप आला होता. पोरगी काही खात नाही तर सुई कशाला, असं कुणीतरी म्हणालं आणि द्रौपदाबाईनं दोन दिवस सुई दिली नाही. तिसऱ्या दिवशी पोरीचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तोंडाला कुजक्या फळासारखा वास येत होता. तीन दिवस ती आयसीयूत होती. तेव्हापासून द्रौपदाबाईला एकच भीती होती, औषध कमी पडण्याची. जास्तीची भीती तिला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तिनं बाटली तळहातांत घोळवली आणि सिरिंज भरली. चोवीसच्या रेघेवर तिचा हात थांबला. मग तिनं दट्ट्या आणखी मागं ओढला.

"किती भरलं?" प्रज्ञानं भिंतीकडं बघतच विचारलं.

"लिहेल आहे तेवढंच."

मांडीत सुई शिरली तशी प्रज्ञा कळवळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला दुखलं होतं. द्रौपदाबाईचे डोळे भरून आले, पण तिनं औषध पूर्ण आत ढकललं.

प्रज्ञानं एक पोळी खाल्ली आणि अभ्यासाला बसली. द्रौपदाबाई अंगणवाडीत गेली. ती तिथं सेविका होती. नवरा सुरतेला कामाला, त्यामुळे घरी प्रज्ञा एकटीच होती. साडेदहाला द्रौपदाबाईनं फोन लावला.

"आई, पंखा बंद कर ना," प्रज्ञा म्हणाली.

"मी अंगणवाडीत हाय वं. काय झालं?"

"पंखा..." पुढचं काही कळलं नाही. पुन्हा लावला, तर नुसतीच रिंग जात राहिली.

पोरं वजनकाट्यापाशी तशीच सोडून, मदतनीस बाईला त्यांच्याकडं बघायला सांगून ती निघाली. रस्त्यावर ऊन रणरणत होतं, चिटपाखरू नव्हतं. घराचं दार उघडंच होतं. प्रज्ञा स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यापाशी पडली होती. तिच्या हातात झाकण होतं, डबा मात्र उघडला नव्हता. झाकण कढईचं होतं. तिचे कपडे घामानं चिंब झाले होते, डोळे अर्धवट उघडे, पण त्यांना समोरची आई दिसत नव्हती.

द्रौपदाबाईनं तिला कुशीवर वळवलं, साखर ओली करून गालाच्या आतून चोळली आणि शेजारच्या समाधानला हाक मारली. त्यानं रिक्षा दारात आणली. दवाखान्यापर्यंत द्रौपदाबाई एकच शब्द बोलत होती, "बोल. बोल."

शुगर सव्वीस होती. सलाईनमधून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत प्रज्ञानं डोळे उघडले.

"सकाळी किती युनिट दिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"चोवीस," द्रौपदाबाई म्हणाली.

"मग नाश्ता कमी पडला असेल. दोन तास बघू. तिला जेवू घाला आणि घरी न्या."

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं वळले. द्रौपदाबाईचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. सकाळचं औषध संध्याकाळपर्यंत काम करतं, हे तिला माहीत होतं. दहा युनिट जास्तीचं औषध अजून पोरीच्या अंगात होतं, आणि ते जास्तीचं आहे हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

प्रज्ञा तिच्याकडं बघत होती. "आई, चोवीसच ना?"

द्रौपदाबाई उठली, पडद्यापलीकडं गेली आणि सगळ्या पेशंटांसमोर म्हणाली, "साहेब, मी खोटं बोलली. चौतीस दिलं. नव्या जागी."

डॉक्टरांच्या हातातला पेन थांबला. "बाई, हे आता नसतं सांगितलं तर..." ते झटकन वळले. "ग्लुकोज चालू ठेवा," ते नर्सला म्हणाले. "दर अर्ध्या तासानं शुगर बघा. हिला आज सोडायचं नाही."

अडीच वाजता प्रज्ञाचे हात पुन्हा थरथरू लागले. सलाईन चालू असूनही शुगर त्रेचाळीसवर आली होती. यावेळी नर्स उशाशीच होती. चार वाजता पुन्हा तसंच झालं. द्रौपदाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून मुलीचे ओठ पांढरे पडताना बघत राहिली. कुणी तिला बस म्हणालं नाही.

सातच्या सुमारास आकडे हळूहळू स्थिर झाले. प्रज्ञा उठून बसली.

"यापुढं मी भरीन आणि मीच टोचीन."

"बरं."

"तू माझ्याशी खोटं का बोललीस?"

"मले भीती वाटली होती वं. कमी पडंल म्हणून."

नर्सनं येऊन प्रज्ञाच्या बोटाला सुई टोचली, तेव्हा द्रौपदाबाई नेहमीसारखी तिचा हात धरायला पुढं झाली. प्रज्ञानं हात मागं घेतला.

"एकशे दहा," नर्स म्हणाली.

"मला बघू द्या," प्रज्ञा म्हणाली आणि मशीन स्वतःच्या हातात घेऊन तिनं तो आकडा दोनदा वाचला.