कोंबडा आणि किल्ली

लढाई संपून चार वर्षं झाली, पण इटलीतल्या मातेरा गावच्या त्या आळीतली भूक काही संपली नव्हती. आळीची भट्टी एकच. प्रत्येक बाई घरी कणीक मळायची, पावावर आपला लाकडी शिक्का उठवायची आणि मग तो भट्टीवर द्यायची, म्हणजे भाजल्यावर अदलाबदल व्हायला नको. दोनाताचा शिक्का कोंबड्याचा, शेजारच्या नुन्झियाचा किल्लीचा. पण घरात पीठच नसल्याने नुन्झियाची किल्ली तीन महिने खुंटीलाच होती. नवरा बेल्जियमच्या खाणीत गेला तो गेलाच. पत्र नाही की पैसा नाही.

मागच्या आठवड्यात भट्टीवरून दोनाताचा एक पाव नाहीसा झाला. आळीने कुत्र्यावर आळ घेतला. खरं काय ते नुन्झियाला ठाऊक होतं.

अशात रोमहून सिनेमावाले आले. त्यांना नटनट्या नको होत्या, खरी माणसं हवी होती. स्पष्टच बोलायचं तर उपाशी माणसं हवी होती. दिग्दर्शकाने नुन्झियाचा चेहरा पाहिला आणि तिलाच बोलावलं.

"भट्टीवरचा पाव उचलायचा आणि पळायचं. बदल्यात पिठाचं पोतं."

तिला नाही म्हणायचं होतं. पण घरात दोन पोरं होती. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बघायला सगळी आळी लोटली. फळीवर मांडलेले पाव दोनाताचेच होते, आणि दोनाता हाताची घडी घालून पुढेच उभी. कॅमेरा सुरू झाला. नुन्झियाने पाव उचलला आणि तिच्या हाताने आपसूक मागच्या वेळचंच केलं: कोंबडा उठलेला टवका तिने नखांनी उचकटला, तोंडात टाकला, आणि मगच ती पळाली.

आळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शिक्का आधी खायचा, म्हणजे पाव कुणाचा ते कळत नाही, हे हिला कुणी सांगितलं होतं?

दिग्दर्शक मात्र खूश. "वा, बाई. हे कुठे शिकलात?"

नुन्झियाने उरलेला पाव फळीवर ठेवला. आता दोनाता बोलणार, आणि आपली पोरं जन्मभर चोरटीची पोरं म्हणून वाढणार, एवढंच तिला दिसत होतं.

दोनाता बोललीच. "भुकेनं शिकवलं, साहेब. आमच्याकडे सगळ्यांना येतं ते. तुम्ही तुमचं यंत्र फिरवा."

दिवस मावळताना ती नुन्झियाच्या दारात आली. "काय गं, माझा कोंबडा कडू लागला का?"

नुन्झिया रडायलाच लागली. "पोरांनी ओळखू नये म्हणून मीच खाल्ला गं तो."

"मग मागायला काय जीभ झडली होती?"

"लाज वाटली."

"आणि चोरायला नाही वाटली. शहाणीच आहेस." दोनाताने बाह्या वर सारल्या. "आण ते पीठ. दोघी मळू."

पाव वळून झाला तेव्हा नुन्झिया म्हणाली, "यावर तुझा कोंबडा उठव. हा तुझा, त्या पावाच्या बदल्यात."

दोनाताने कोंबडा उठवला. मग खुंटीवरची किल्ली काढली, एप्रनला पुसली आणि कोंबड्याशेजारी दाबली.

सकाळी भट्टीवाल्या म्हाताऱ्या वीतोने तो पाव बाहेर ओढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कोंबडाही आहे, किल्लीही आहे. हा पाव आहे तरी कुणाचा?"

"हिचा," दोघीही एकमेकींकडे बोट दाखवत म्हणाल्या.