गोळीनंतरचा तास

बसचालकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, म्हणजे फक्त सकाळच्या चहाचा. उभा जन्म काकूंच्या हातचा चहा घाईघाईने घशाखाली ओतून ते डेपोत पळाले होते. आता त्यांना सेवा करायची हुक्की आली. बशीत दोन गोळ्या, एक थायरॉइडची, एक कॅल्शियमची, आणि शेजारी सढळ हाताने दूध ओतलेला चहा. साखर कधी दुप्पट, कधी विसरलेली. पण अंथरुणात आयता चहा मिळायचं सुख काकूंच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्या ते सोडणार होत्या थोड्याच.

पंचाईत एवढीच, की थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधीच बजावलं होतं. काकूंनी घरी ताकास तूर लागू दिली नाही. घोटभर चहाने काय होतंय, अशी मनाची समजूत घातली. होत होतं मात्र बरंच. चेहरा सुजला, केस गळले, शिलाई मशिनवर डुलकी लागून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली. डॉक्टरीणबाई डोस वाढवत होत्या आणि गोळी काही लागू पडत नव्हती. काका बिचारे काळजीने चहात आणखी दूध घालू लागले.

मग एकदा काकू जिन्यातच चक्कर येऊन बसल्या. या खेपेस काका हट्टाने दवाखान्यात बरोबर आले.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून विचारात पडल्या. डोस आणखी वाढवायचा तर हृदयाला झेपेल का ते पाहावं लागेल, म्हणाल्या. गोळी कशी घेता, हेही विचारलं.

“उपाशीपोटी, पाण्याबरोबर,” काकू नेहमीसारख्या म्हणाल्या.

“अगं, चहाबरोबर ना?” काका म्हणाले. “रोज मीच देतो, डॉक्टर. कॅल्शियमचीही तेव्हाच देतो.”

केवढा अभिमान होता त्या आवाजात! डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून समजावलं, की दूध आणि कॅल्शियम ही गोळी अंगी लागूच देत नाहीत. सकाळी गोळी पाण्याबरोबर, चहा तासाभराने, कॅल्शियम थेट रात्री. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घराचं कुलूप काढताना काकांनी विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस? जिवावर बेतलं असतं तुझ्या.”

“पाणी काय, माझं मी घेतलं असतं,” काकू म्हणाल्या. “तुम्ही कशाला आला असता मग?”

काका कुलूप खुंटीला अडकवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपबशीचा आवाज आला नाही. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. चूक आपलीच, बोल तरी कुणाला लावणार. तेवढ्यात पलंग करकरला. काका पाण्याचा पेला आणि एकच गोळी घेऊन बसले होते. काकूंनी गोळी गिळली. आता ते उठतील असं त्यांना वाटलं, पण ते उठले नाहीत. ‘चालकाशी बोलू नये’ या पाटीखाली ज्यांची हयात गेली, त्यांनी तासभर बोलायचं तरी काय? बराच वेळ घड्याळाकडे बघून झाल्यावर काकांनी घसा खाकरला आणि पिशवीत मांजर लपवून प्रवास करणाऱ्या एका आजोबांची गोष्ट काढली. काकूंना हसू आवरेना. त्या दिवशी चहाला तासाहून उशीरच झाला.

पुढे गोळी लागू पडली, डोस उतरला, बाह्या सुलट जोडल्या जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. इतकं काटेकोर नको, अर्ध्या तासाने चहा घेतलात तरी चालेल, म्हणाल्या. काकूंनी हळूच काकांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर निरखत होते.

“नको डॉक्टर,” काका म्हणाले. “तासच राहू दे. अर्ध्या तासात आमचं बोलून होत नाही.”