विजयादशमीची पहिली फेरी

पडद्यावरची पट्टी हिरवी झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बालाजीरावांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी उडून कुंकवाची बोटं लावलेल्या सर्व्हरपर्यंत गेलं, तेव्हा कौशिक ओरडला, "सार, शॉर्ट सर्किट! वर्षभराची पूजा एका मिनिटात पाण्यात!"

स्वरदा हसली. बटण तिनंच दाबलं होतं. चेन्नईत अड्यारच्या या छोट्या कंपनीत लिफ्टची नियंत्रणं बनत. खंडेनवमीला इथं सगळी यंत्रं पुजून बंद ठेवत. दुसऱ्या दिवशी, सुट्टी असली तरी, तासाभरासाठी सगळे येत आणि नव्या वर्षाची पहिली फेरी चालवत. एक बटण दाबलं की संगणक ठरलेली कामं ओळीनं करायचा. प्रोग्रॅम बांधायचा, मग त्याच्या तपासण्या, आणि सगळं हिरवं आलं की नवा प्रोग्रॅम आपोआप लिफ्टपर्यंत पोचवायचा. बटण दाबायचा मान सगळ्यात नव्या माणसाचा.

"सांगलीकर, दाबलंस की एकदाचं," कौशिक तिच्या हातावर चुरमुरे आणि गूळ ठेवत म्हणाला.

"गप रे."

चुरमुरे तोंडात टाकता टाकता तिनं सवयीनं झालेल्या कामांची नोंद वर सरकवली. प्रोग्रॅम बांधला. मोटर तपासली. ब्रेक तपासला. पोचवला.

ती परत वर गेली. मोटर. ब्रेक. पोचवला.

दाराची तपासणी नव्हती.

पूजेच्या आदल्या संध्याकाळी तिनं रंगीत तालीम केली होती आणि फेरी लाल होऊन थांबली होती. 'दारतपासणी' नावाचं काम सापडत नाही, असं संगणक म्हणत होता. कौशिक त्या कामांची नावं बदलत होता, अर्धी झाली होती, अर्धी नव्हती. जाता जाता बालाजीराव म्हणाले होते, "बाई, दसऱ्याची पहिली फेरी लाल नको हं. वर्षभर तेंच चालतें." मग तिनं एक ओळ घातली. आधी बघ, हे काम आहे का. असेल तर चालव, नसेल तर पुढं जा. ओळ साधी होती, चारचौघं लिहितात तशी. कौशिक नवं नाव आणेल तेव्हा ती काढून टाकू, असं तिनं ठरवलं होतं, आणि मग चंदन उगाळायला गेली होती.

संगणकानं तंतोतंत सांगितलं तसं केलं. पाहिलं, काम नव्हतं, पुढं गेला.

आणि या खेपेला बदल दाराचाच होता. लिफ्ट मजल्याशी आल्याशिवाय दार उघडू नये, हा भाग तिनं नव्यानं लिहिला होता.

"सर," ती म्हणाली. "सर, हे कुठं गेलं?"

बालाजीराव ताट घेऊन आले. तंजावरकडचे मराठी, पन्नाशी उलटलेले, ऑफिसात तिच्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून मनापासून खूश. "कुठें म्हणजे? नेहमीसारखें आमच्या घरीं. माझ्या आईला चालतें तेंच दुसऱ्याच्या आईला."

कंपनीचा नियमच होता. नवं काहीही आधी एकाच इमारतीत, तीन गल्ल्या पलीकडे, चौथ्या मजल्यावर त्यांच्या आई, राजसबाई, राहत होत्या तिथं.

"दार तपासलंच नाही, सर. मी ओळ घातली होती. काम नसेल तर पुढं जा, अशी. लाल येऊ नये म्हणून."

त्यांनी ताट खाली ठेवलं. ती वाट बघत होती, ते ओरडतील म्हणून. त्यांनी नुसता फोन काढला. आईला लावला. वाजत राहिला.

"कोविलला, देवदर्शनाला निघायची वेळ अहे तिची," ते हळूच म्हणाले, आणि वॉचमनला फोन लावून मोठ्यानं तमिळमध्ये, "लिफ्ट ऑफ पण्णुंगो! उडने!" बंद करा, लगेच.

मग दोघं पळाले. विजयादशमीमुळं रस्ता रिकामा होता, दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्यांचे कुंकवानं लाल तुकडे जागोजाग पडले होते. त्यांच्यावरून पाय घसरेल हे कळत होतं तरी स्वरदाला वेग आवरता येईना. राजसबाईंना मोतीबिंदू होता. दार उघडलं की त्या पाऊल टाकतात, आत बघत नाहीत, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. त्यांच्याकडे जेवायला गेली तेव्हा हसलीही होती.

खाली वॉचमन स्विचपाशी उभा होता. "ऑफ, सार." लिफ्ट त्याच्या शेजारी, तळमजल्यावर, रिकामी उभी होती.

रिकामी पाहून तिला हायसं वाटलं नाही. ती जिना चढत राहिली. कुणी पडल्याचा आवाज वॉचमननं ऐकला असता. ऐकला असता ना? तिसऱ्या मजल्यावर बालाजीराव दम लागून थांबले. ती पुढं गेली.

राजसबाई लिफ्टसमोर उभ्या होत्या. एका हातात फुलांची परडी. दुसऱ्या हाताची बोटं दाराच्या फटीत. वीज बंद झाली तेव्हा दार वीतभर उघडून तिथंच अडकलं होतं, आणि त्या ते ओढत होत्या.

"आजी, सोडा!"

"कोण? स्वरदा? बरी आलीस. हें मेलें उघडलें आणि मध्येंच अडकलें. जोर लाव पाहूं जरा."

स्वरदानं त्यांचा हात धरून त्यांना मागं ओढलं, इतक्या जोरात की परडीतली फुलं सांडली. फटीतून तिनं आत पाहिलं. काळोख होता. काळोखात तेलकट दोर लोंबत होते, आणि खालून थंड वारा येत होता. सांडलेलं एक शेवंतीचं फूल फटीतून आत गेलं. ते पडल्याचा आवाज आला नाही.

"अग, फुलें!" राजसबाई रागावल्या. "असें कुणी ओढतें काय म्हातारीला?"

मागून आलेले बालाजीराव भिंतीला टेकून खाली बसले.

तिनं राजसबाईंना जिन्यानं खाली नेलं. हात सोडला नाही. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी विचारलं, "पूजा झाली नीट? बाळू म्हणत होता, या खेपेस बटण तूं दाबणार."

"झाली."

"मग रडतेस कशाला?"

"हिरवं आलं होतं, आजी," स्वरदा म्हणाली. "यायला नको होतं."

ऑफिसात परत आल्यावर तिनं ती ओळ बदलली. काम आहे का बघ; नसेल तर तिथंच थांब. कुणाकुणाच्या हातात चुरमुरे तसेच होते.

"आज चालवायचं?" कौशिकनं विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"आजच," बालाजीराव म्हणाले.

तिनं बटण दाबलं. मोटर. ब्रेक. मग पट्टी लाल झाली आणि थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्वरदा त्या लाल पट्टीकडे बघत बसून राहिली. चेहऱ्याला अजून त्या फटीतला गार वारा लागत होता.