नळीबाबाचा पेला

१९५७ साली ऐन धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आमचं अर्धं गाव फ्लूच्या तापानं निजलं आणि मारुतीच्या देवळापुढे नळीबाबाभोवती रांग लागली. बाबा रोग्याच्या हाती स्वच्छ पाण्याचा काचेचा पेला देई, बांबूची बारीक नळी देई.

"फुंक बेटा. छातीतलं जहर गंगामाईत सोड."

रोगी फुंके आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी दुधासारखं होई. तसंच फुंकत राहिलं की पुन्हा निवळे. "जहर जळालं," बाबा म्हणे. चार-पाच दिवसांत तो माणूस खरंच बरा होऊन चिखलात धान रोवताना दिसे.

मी गावचा शाळामास्तर. सुटीवरून परतलो त्या सकाळी गुणाबाई तापलेल्या नवऱ्याला, मुखरूला, धरून बसली होती. दोन दिवस ती दोघं रांगेत होती. मुखरू तरुणपणी पलटणीचा हमाल म्हणून फ्रान्सच्या लढाईवर गेला होता. तिथे जर्मनांनी सोडलेला विषारी वायू त्याच्या छातीत गेला. तेव्हापासून चाळीस वर्षं तो खोकतच होता. पाणंद चढतानाही मध्ये टेकावं लागे.

"याच्यात तं खरंच जहर आहे," रांगेतलं कोणी म्हणालं.

मुखरूनं फुंकलं. पाणी पांढरं झालं, पण निवळेना. त्याचा श्वासच पुरत नव्हता.

"फुंक. पाप अडून राह्यलं."

"दम नाई पुरत मले, बाबा," मुखरू म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले आणि तो कलंडला.

मी त्याला टेकवून बसवलं. बाबाजवळचा दुसरा भरलेला पेला उचलून गुणाबाईला दिला. "बाई, तुमाले ताप नाई. तुमी फुंका."

तिनं फुंकलं. पाणी पांढरं झालं. मग आणखी एका पेल्यात मी फुंकलं, तेच.

"म्हंजे माह्या छातीत बी जहर आहे, गुरुजी?"

"नाई बाई. हे चुन्याचं पाणी आहे. खायचा चुना पाण्यात ढवळून वरचं निवळ घेतलं की झालं. कोणाच्याही श्वासानं ते पांढरं होते, जास्त फुंकलं की निवळते."

"मंग लोकाइचा ताप कसा उतरला?" गावच्या पाटलांनी विचारलं.

"बहुतेकांचा आपोआप उतरते. बाबा, आता तुमी फुंका."

बाबानं झोळी उचलली.

मुखरूला बैलगाडीतून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वायूनं आधीच जाळलेली फुप्फुसं. इतरांना चार दिवस निजवणारा ताप अशा माणसाला झेपत नाही. याला पहिल्याच दिवशी आणायचं होतं." सहाव्या दिवशी मुखरू गेला.

गावात कुजबुज झाली, मास्तरानं बाबाला दुखवलं म्हणून मुखरू गेला. तेरवीला कोणी ते गुणाबाईसमोरच बोललं.

"मी बी त्याच पाण्यात फुंकलं," ती म्हणाली. "मले काय झालं? दोन दिवस त्याइले रांगेत मीच बसवलं. त्या दोन दिवसाचं पाप कोणत्या बाबाच्या माथी मारू?"

वाचकांना एवढंच सांगतो: चमत्काराचा पेला आधी धडधाकट माणसाच्या हाती द्या. आणि ज्याची छाती मुळात अधू आहे, त्याला रांगेत नका बसवू, गाडी जुंपा.