चन्नबसप्पांचं खरं वजन

मित्रांनो, तुम्ही दवाखान्यात कधी ना कधी माझ्यावर उभे राहिला असाल. मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाट, मागे उंच खांब आणि वर आकड्यांची दांडी. नर्सबाई दांडीवरचं वजन बोटाने सरकवतात आणि दांडी स्थिर झाली की आकडा वाचतात. माझा स्वभाव काळजीखोर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माणसं पाटावरून उतरून निघून जातात, मी मात्र त्यांचा आकडा घोकत बसतो.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तपासनिसाने माझ्यावर सरकारी शिक्का उमटवला, तेव्हा मी भलताच ताठलो होतो. पहिली नोकरी इस्लापूरच्या दवाखान्यात लागली. वसतिगृहातली मुलं रांगेने माझ्यावर चढायची आणि एकमेकांना ढकलत हसायची. बहात्तरच्या दुष्काळात तीच मुलं दर महिन्याला हलकी होत गेली. एखाद्याचा आकडा किलोभर वाढवून सांगावा, असं मला फार वाटायचं. पण खोटं बोलणं माझ्या घडणीतच नव्हतं. पुढे नांदेडच्या कोठीघरात काही वर्षं धूळ खात पडलो. मग लातूर नवा जिल्हा झाला. नव्या बिऱ्हाडाला सगळेच आपल्या घरातलं जुनं सामान देतात, तसा मी लातूरला आलो. रंगाचा एक हात मारून मला तिथल्या एका दवाखान्यात उभं केलं.

त्या दवाखान्यात कदम डॉक्टर होते. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाने तेव्हा एक अभ्यास हाती घेतला होता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर कापून काढल्यावर काही पेशंटना दर महिन्याला पाच दिवस इंजेक्शनं द्यायची, काहींची नुसती तपासणी करत राहायचं आणि आजार कोणात उलटतो ते बघायचं. लातूरचे पेशंट कदम डॉक्टरांकडे होते. इंजेक्शन किती द्यायचं, हे पेशंटची उंची आणि वजन पाहून ठरायचं. वजन दहाव्या हिश्श्याने घटलं, तर इंजेक्शनं थांबवून पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या, असा नियम होता. म्हणजे मित्रांनो, माझ्या आकड्यावर माणसाचं औषध ठरत होतं. मला धडकीच भरली.

या अभ्यासात उदगीरचे चन्नबसप्पा होते, सगळे त्यांना अप्पा म्हणत. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं अडतीचं दुकान होतं. शेतकऱ्यांची तूर, ज्वारी मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. ऑपरेशनमध्ये त्यांच्या पोटावर शौचाची वेगळी वाट काढली होती आणि तिथे पिशवी बांधली होती. पहिल्या दिवशी चढण्याआधी ते वाकले, माझ्या पाटाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. रोज सकाळी दुकानातल्या काट्याच्या ते असेच पाया पडत. आजवर मला कुणी नमस्कार केला नव्हता. मी अगदी हरखून गेलो. त्यांचं वजन भरलं पन्नास किलो.

दुसऱ्या महिन्याला ते आले तेव्हा पोटावरची पिशवी कुणाला दिसू नये म्हणून कोट घालूनच वर चढले. वजन घेणाऱ्या सिंधू सिस्टर मूळच्या हिमायतनगरच्या, स्वभावाने मऊ. त्यांना अप्पांचा संकोच कळला आणि कोट काढा असं त्या म्हणाल्या नाहीत. आकडा पुन्हा पन्नास आला. पण माणसाचा भार मला चांगला कळतो. पाय हलके पडले होते आणि उजव्या खिशात काहीतरी जड, थंड लोंबत होतं. ते दुकानातलं दोन किलोचं लोखंडी वजन होतं.

तिसऱ्या महिन्याला दोन्ही खिशांत दोन-दोन किलो होते. आकडा मात्र पन्नासच. पन्नास किलोच्या माणसाचं औषध शेहेचाळीस किलोच्या देहात जात होतं. अप्पांच्या तोंडात फोड आले, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. मी बरोबर तोललं होतं आणि तरी सगळं चुकत होतं. ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठे होतं? पुढचं इंजेक्शन या माणसाला सोसेल का, या विचाराने मला चैन पडेना.

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. उदगीरला टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. पेशंट खंगलेलेच यायचे, त्यामुळे अप्पांचं खंगणं फारसं कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. चौथ्या खेपेला मात्र अप्पा पाटावर उभे असतानाच सिस्टरांनी त्यांची नाडी पाहिली आणि मनगट हातात धरून तशाच थांबल्या. हाताला नुसती हाडं लागत होती, आणि माझ्या दांडीवर आकडा होता साडेएकोणपन्नास. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले की हा काटा बिघडलाय. इतके महिने आपण चुकीच्या आकड्यावर औषध देत आलो, याला आजच भंगारात काढा.

खरं सांगतो मित्रांनो, इतकी वर्षं इमानाने काम करून शेवटी हे ऐकावं लागलं, याचं वाईट वाटलंच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मी गेलो तर नवा काटा येणार, अप्पा त्यालाही असंच फसवणार आणि पुन्हा जास्तीचं औषध घेणार. शिपाई मला उचलायला आला.

अप्पा माझ्या पाटावरून उतरले नाहीत. तिथेच उभं राहून त्यांनी कोटाच्या एका खिशातून दोन किलोचं वजन काढलं, दुसऱ्यातून दुसरं आणि आतल्या खिशातून एक किलोचं. तिन्ही वजनं त्यांनी टेबलावर ओळीने मांडली.

"काट्याला खोटं म्हणू नका, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "खोटा मी हाय. चाळीस वर्सं तराजू धरला, कुणाला छटाकभर कमी दिलं न्हाई. आन् इथं येऊन हे केलं."

सिस्टरांनी दांडीवरचं वजन मागे सरकवलं. साडेचव्वेचाळीस. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि असं का केलं, ते विचारलं. वजन घटलं की अभ्यासातून नाव कापतील, औषध बंद होईल आणि आजार परत येईल, या भीतीने केलं, असं अप्पांनी सांगितलं. नाव कापत नसतात, थांबून पुन्हा सुरू करता येतं, हे त्यांना कुणी नीट समजावलंच नव्हतं. डॉक्टरांनी मान खाली घातली. चूक आमचीही आहे, असं ते म्हणाले.

"पण अप्पा, वजन घटलं कशानं?" सिस्टरांनी विचारलं. "जेवत न्हाई का तुमी?"

अप्पा गळ्यातल्या चांदीच्या डबीशी चाळा करू लागले. अप्पा लिंगायत, त्या डबीत त्यांचं इष्टलिंग, म्हणजे कायम अंगावर बाळगायचं शिवलिंग होतं. रोज सकाळी लिंग तळहातावर घेऊन ते पूजा करत. पूजेच्या वेळी पिशवी भरली तर काय करायचं, म्हणून ते संध्याकाळी अर्धी भाकरी खाऊन दिवस काढत होते. धुवायला पाणी नाही, म्हणून पाणीही बेतानेच पीत होते.

"पोटावर घाण बांधून देवाला हातात कसं घ्यावं, अक्का?" ते हळूच म्हणाले.

दारात त्यांच्या बायको नीलम्मा उभ्या होत्या. एवढा वेळ पदर तोंडाशी धरून त्या ऐकत होत्या. आता आत आल्या.

"माझी तीन बाळंतपणं झाली," त्या म्हणाल्या. "सासूबाई म्हणल्या, हिला बाजूला बसवा, शिवू नका. तवा तुमीच म्हणलात, अंगावर लिंग असल्यावर इटाळ कसला. मी बाळंतिणीच्या खाटंवर बसून पूजा केली, तुमीच इभूत आणून दिली. मंग तुमच्या पिशवीचाच इटाळ कुठून आला? उपाशी मरून पूजा कोण करनार हाय?"

अप्पांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत कोट काढला.

इंजेक्शनं दीड महिना थांबवली. सिस्टरांनी नीलम्मांना थोड्या पाण्यात पिशवी कशी स्वच्छ करायची ते शिकवलं आणि काय खायला द्यायचं ते कागदावर लिहून दिलं. डॉक्टरांनी सगळी हकीकत मुंबईला कळवली. त्यात स्वतःची चूकही लिहिली. दीड महिन्याने अप्पा माझ्यावर चढले तेव्हा मी इतका घाबरलो होतो की दांडी जरा जास्तच हलली. आकडा आला पंचेचाळीस. अर्धाच किलो, पण नीलम्मांनी तो सिस्टरांकडून तीनदा वाचून घेतला. मग कमी मात्रेने औषध पुन्हा सुरू झालं.

दोन वर्षं ते येत राहिले. मी शेवटचं तोललं तेव्हा एक्कावन्न किलो होते. त्यानंतर दवाखान्यात विजेवरचा काटा आला आणि मी अडगळीत गेलो. आजार परत आला की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. ती काळजी अजून जात नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं माझ्यासाठी करा. घरात कुणी आजारी असेल, तर त्याचं वजन करून नुसता आकडा लिहून ठेवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि आज जेवलात का, ते विचारा. नाही म्हणाला, तर का नाही, तेही विचारा, आणि तो सांगेपर्यंत उठू नका.